सुरुंगावर भांडण, पाणी मात्र पंपानं नेलं: एका दगडखाणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

काळ्या कातळाची एक दगडखाण, तिला लागून क्रशर, खालच्या अंगाला वस्ती आणि वस्तीभोवती शेतं, विहिरी, एक छोटा ओढा. ठिकाणाचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, आणि दिलं तरी फार काही फरक पडला नसता, कारण खडी लागते तिथं खाण येते आणि खाण आली की हादरे, तडे, धूळ, पाणी हे चार वाद मागोमाग येतातच. आमच्या टीमला खाणवाले आणि वस्तीवाले दोघांनी मिळून बोलावलं होतं. काम एवढंच, काय होतंय ते मोजायचं आणि दोघांना एका टेबलावर बसवून सांगायचं. कोण बरोबर कोण चूक हे ठरवायचं काम आमचं नव्हतं, पण शेवटी लोक तेच विचारतात.

खाण सुरू झाली ती टेकडीच्या उतारावर. वर थोडी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक आणि मग घट्ट काळा पाषाण. सुरुवातीची बरीच वर्षं खोदकाम पाण्याच्या पातळीच्या वरच चाललं होतं, म्हणजे खाणीत पाणी यायचं ते फक्त पावसाचं. परवानगीच्या वेळच्या रिपोर्टमध्ये "भूजलावर परिणाम नाही" असं लिहिलेलं होतं आणि त्या खोलीपुरतं ते खरंच होतं, त्यात लबाडी काही नव्हती.

पुढं चांगला दगड बाजूला संपत आला. रुंदीला जायचं तर नवी जमीन घ्या, झाडं काढा, माती हलवा, परत परवानगीला जा, त्यापेक्षा आहे त्याच हद्दीत खाली जाणं सोपं. त्यांनी अजून एक टप्पा खाली घेतला आणि एका कोपऱ्यातल्या भिंतीतून बारा महिने पाणी पाझरायला लागलं. मग खड्ड्यात डबकं केलं, पंप लावला, पाणी ओढ्यात सोडलं आणि काम चालू. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच वाटतो आणि गंमत म्हणजे तेव्हा कुणालाच काही ठरवल्यासारखं वाटलंच नाही. हद्द तीच, परवाना तोच, मशीनं तीच, फक्त एक पंप वाढला. त्या पंपाची नोंद आम्हाला सापडली ती विजेच्या बिलाच्या फाइलमध्ये, पर्यावरणाच्या फाइलमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

अडचण कशी समोर आली

वस्तीच्या तक्रार अर्जात पहिला मुद्दा सुरुंगाचा होता, दुसरा घरांना गेलेल्या तड्यांचा, तिसरा धुळीचा, आणि विहिरी चौथ्या नंबरवर, तेसुद्धा "सुरुंगामुळं झरे सरकले" अशा शब्दात. त्यामुळं खाणवाल्यांनी उत्तरही सुरुंगाबद्दलच तयार ठेवलं होतं आणि दोन्हीकडची सगळी ताकद त्या एकाच विषयावर खर्च होत होती.

यात वस्तीची काही चूक नाही, सुरुंग ऐकू येतो, त्यानं भांडी वाजतात, झोपलेलं पोर दचकून उठतं. पंपाचा आवाज वस्तीपर्यंत पोचतच नाही आणि विहिरीची पातळी एका रात्रीत खाली जात नाही, ती हळूहळू जाते, मग एका कोरड्या हंगामात मोटर हवा ओढायला लागते आणि तेव्हा लोक म्हणतात यंदा पाऊस कमी झाला. पाऊस खरंच एक वर्ष कमी होता, त्यामुळं तर जास्तच गोंधळ.

खाणीच्या मॅनेजरकडं एक मुद्दा होता जो तो प्रत्येक बैठकीत काढायचा आणि वरवर बघितलं तर तो बिनतोडच होता. "साहेब, खाणीला सगळ्यात जवळची विहीर काठोकाठ भरलेली आहे, तुम्ही स्वतः जाऊन बघा. मग तिच्यापेक्षा दुप्पट लांबच्या विहिरी आमच्यामुळं कशा आटतील?" वस्तीकडं याला उत्तर नव्हतं. त्यांना विहिरी आटल्या हे दिसत होतं पण हीच का भरलेली हे सांगता येत नव्हतं, आणि बैठक तिथंच अडायची.

आधी काय मोजायचं

आमच्यापुढचा पहिला निर्णय हा होता. चारही गोष्टी एकदम मोजायला माणसं आणि यंत्रं पुरणार नव्हती. मनातून आम्हाला पाण्याकडं जायचं होतं कारण तिथंच काहीतरी मोठं घडतंय असं वाटत होतं, पण वस्तीचा राग सुरुंगावर होता. तो बाजूला ठेवून विहिरीत टेप सोडत बसलो असतो तर "हे कंपनीचीच माणसं" असा शिक्का बसला असता. म्हणून आधी सुरुंग घेतला, आणि त्याच दिवसांत येता जाता विहिरींच्या पातळ्या लिहायला सुरुवात केली.

हादरे मोजताना सिस्मोग्राफ वस्तीतल्या एका जुन्या घराशेजारी जमिनीत पुरला, माइक बाहेर लावला आणि आम्ही घरातल्या आजींबरोबर आत बसलो. घर खाणीपासून साधारण ४०० मीटरवर. सुरुंग उडाला तेव्हा आधी पायाखाली अगदी हलका धक्का आला, लक्ष नसेल तर कळणारही नाही असा, आणि मग सेकंदभरानं खिडकीची तावदानं, फळीवरची पातेली सगळी थरथरली. आजी लगेच म्हणाल्या, "अहो साहेब, आत्ता बघा, हललं का नाही घर?" त्यांनी दाखवलेला क्षण दुसऱ्या थरथराटाचा होता. कातळातून लाट सेकंदाला काही किलोमीटर वेगानं येते, हवेतून आवाज सेकंदाला ३४० मीटर, म्हणजे ४०० मीटरला एक सेकंदाहून थोडा जास्त वेळ. लोकांना घर हलल्यासारखं वाटत होतं ते बरंचसं हवेच्या दाबामुळं. हे आम्ही आजींना तिथंच ग्राफवर दोन वेगळे ठिपके दाखवून सांगितलं, त्यांना पटलं असं नाही, पण पुढच्या वेळी त्या स्वतःच "हा पहिला, आणि हा दुसरा" असं मोजून सांगायला लागल्या.

जमिनीच्या हादऱ्याचे आकडे ५ मिलिमीटर प्रति सेकंदाच्या खालीच होते. जर्मनीचं डीआयएन ४१५० मानक राहत्या घरासाठी पायाजवळ कमी फ्रिक्वेन्सीला साधारण हीच मर्यादा धरतं, आणि अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सच्या १९८० च्या अहवालात प्लास्टरच्या जुन्या घरांसाठी कमी फ्रिक्वेन्सीला १२.७ ची मर्यादा आहे, म्हणजे हे आकडे त्या मानानं कमीच. पण माणसाला हादरा जाणवायला १ मिलिमीटर प्रति सेकंदसुद्धा लागत नाही, त्याच्या आतच कळतो. त्यामुळं "मर्यादेत आहे" हे कंपनीचं वाक्य आणि "आम्हाला जाणवतंय" हे लोकांचं वाक्य दोन्ही एकाच वेळी खरी असतात, आणि एक म्हणून दुसरं खोडता येत नाही.

तड्यांचं सांगतो थोडक्यात. काही तड्यांवर हालचाल मोजणारे गेज लावले. दिवसा ऊन तापलं की तडा एका बाजूला सरकायचा, रात्री परत यायचा, पाया चिकण मातीत असलेल्या घरांत तर हंगामाप्रमाणं अजून जास्त, आणि सुरुंगाच्या वेळची हालचाल याच्यापुढं अगदी किरकोळ. पण याचा अर्थ जुना कुठलाच तडा सुरुंगाचा नाही असा होत नाही. खाण सुरू व्हायच्या आधी घरांचे फोटो कुणी काढलेच नव्हते, आणि मधल्या वर्षांत किती मोठे सुरुंग उडवले त्याचं रेकॉर्ड अर्धवट. तो प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला.

जवळची विहीर भरलेली का

याचं उत्तर खाणीच्या भिंतीतच होतं, रोज सगळे त्याच्यासमोरून जात होते. काळ्या कातळात उभी घुसलेली एक वेगळ्या दगडाची पट्टी, जास्त गडद, बारीक कणांची, तिच्यातल्या भेगा आडव्या. भूगर्भवाले याला डाइक म्हणतात, जुन्या काळी फटीत वर चढलेला लाव्हा तिथंच थिजून झालेली भिंत. काही डाइक भेगाळलेले असतात आणि पाणी वाहून नेतात, काही घट्ट असतात आणि पाणी अडवतात. हा घट्ट होता, कारण त्याच्या एका अंगाला खाणीची भिंत ओली होती आणि दुसऱ्या अंगाला कोरडी.

जवळची विहीर या डाइकच्या पलीकडं होती, म्हणजे तिच्यात आणि खाणीत जमिनीखाली एक बांधच होता. आटलेल्या विहिरी अलीकडच्या बाजूला, एका भेगाळलेल्या पट्ट्यावर जवळपास ओळीत. कठीण खडकात पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडं सारखं पसरत नाही, ते भेगांच्या वाटेनं जातं, त्यामुळं इथं मीटरमधलं अंतर कामाचं नाही, कुठली भेग कुणाला जोडलीये ते बघायचं असतं. नकाशावर विहिरी, डाइक आणि भिंतीतल्या पाझराची जागा मांडली तेव्हा चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं. पण चित्र म्हणजे पुरावा नाही, मॅनेजर म्हणाला "तुम्ही रेषा ओढली म्हणून पाणी तसं जातं का" आणि तो काही अगदीच चुकीचं बोलत नव्हता.

पंप बंद करून बघायचा का

इथं या प्रकरणातला खरा निर्णय आला. पुरावा मिळवायचे रस्ते दोन. एक म्हणजे वर्ष दोन वर्षं पातळ्या मोजत राहायचं आणि पावसाचा परिणाम वजा करत बसायचं, यात मागचं रेकॉर्ड नसल्यामुळं शेवटी परत वादच होणार होता. दुसरा म्हणजे पंप काही आठवडे बंद ठेवायचा, तेही कोरड्या हंगामात, आणि विहिरी वर येतात का ते बघायचं. पाऊस नाही, दुसरीकडून पाणी नाही, अशा वेळी पातळी वर आली तर त्याला दुसरं कारण देता येत नाही.

कंपनीला हे अजिबात नको होतं. पंप बंद म्हणजे खालचा टप्पा पाण्यात, मशीनं वर काढा, ऑर्डरी लांबवा. आणि एक भीती ते उघड बोलत नव्हते, टेस्टमध्ये विहिरी वर आल्या तर लेखी पुरावा तयार होईल. वस्तीतल्यांनाही टेस्ट नको होती, ती वेगळ्या कारणानं, विहिरी वर नाही आल्या तर आपलं म्हणणं कायमचं मेलं, आणि वस्तीतली बरीच पोरं क्रशरवरच कामाला होती, खाण थांबली की त्यांची हजेरी थांबते. म्हणजे निकाल काय लागेल याची धास्ती दोघांनाही होती आणि दोघंही भांडण चालू ठेवायला जास्त तयार होते.

मार्ग निघाला तो अटी आधीच लिहून घेतल्यामुळं. टेस्ट सुरू व्हायच्या आधी एका कागदावर लिहिलं की ओळीतल्या विहिरी वर आल्या तर खाणीचा संबंध मान्य करायचा आणि तोडगा कंपनीनं करायचा, नाही आल्या तर पाण्याचा मुद्दा तक्रारीतून काढायचा. तुलनेसाठी एक लांबची विहीर धरली, त्याच खडकातली पण त्या भेगांच्या पट्ट्यावर नसलेली, म्हणजे हंगामाप्रमाणं पातळी किती उतरते ते तिथं कळावं. टेस्टच्या काळात कामगारांना वरच्या टप्प्यावर आणि क्रशरच्या डागडुजीला लावायचं ठरलं म्हणजे हजेरी बुडणार नाही. पातळी मोजायला पाण्याला टेकली की आवाज करणारी टेप आणि दोन विहिरींत ऑटोमॅटिक लॉगर. टेपनं रीडिंग घेताना कंपनीचा एक माणूस आणि वस्तीतला एक, दोघं सोबत, वहीवर दोघांच्या सह्या. ही सह्यांची वही पुढं कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त कामाला आली.

पंप बंद झाला, खड्डा हळूहळू भरायला लागला. लांबची विहीर हंगामाप्रमाणं खाली जात राहिली. ओळीतल्या विहिरी काही दिवस आहे तिथंच थांबल्या आणि मग वर यायला लागल्या, आधी खाणीच्या बाजूची, मग पुढची. डाइकपलीकडच्या विहिरीला काही झालंच नाही, ना वर ना खाली. भर कोरड्या दिवसांत विहीर वर येताना बघितल्यावर मॅनेजर बैठकीत फक्त एवढंच म्हणाला, "आता पुढं काय ते बोला."

झरे सुरुंगानं सरकले नव्हते, खाणीचा तळ विहिरींच्या पातळीखाली गेला होता आणि पंप त्या सगळ्या पट्ट्यातलं पाणी खाणीकडं ओढत होता.

पर्याय

खाण बंद करा हा पहिला पर्याय, वस्तीतल्या एका गटाचा. पाण्यापुरता तो नक्की चालला असता. पण क्रशरवर पोट असलेला दुसरा गट विरोधात, आणि मागणी तशीच राहणार म्हणजे खडीसाठी दुसरीकडं नवीन खड्डा पडणार, हे आम्हाला बोलून दाखवावं लागलं.

कंपनीचा आवडता पर्याय म्हणजे टँकर आणि खोल बोअर. मला हा सगळ्यात वाईट वाटला. खाली घट्ट पाषाण, तिथं पाणी लागेल याची खात्री नाही, आणि लागलं तर त्याच भेगांतून, म्हणजे खाण अजून खाली गेली की बोअर अजून खोल. टँकर पिण्यापुरता ठीक, शेताला आणि ओढ्याला टँकर लावत नाही कुणी.

भेगांमध्ये ग्राउट म्हणजे पातळ सिमेंट भरून पाझर बंद करायचा असाही प्रस्ताव आला. एखादीच मोठी भेग असती तर विचार केला असता, इथं पट्टाच्या पट्टा भेगाळलेला, एकीकडं बुजवलं की पाणी शेजारून येणार.

शेवटी ठरलं ते एक मिश्रण होतं: यापुढं खोली वाढवायची नाही, दगड बाजूनं काढायचा, वरची माती वेगळी साठवायची, आणि पंपाचं पाणी ओढ्यात सोडून न देता खाण आणि विहिरींच्या मध्ये मुरुमात एक लांब चर खणून त्यात मुरवायचं. म्हणजे खाणीनं ओढलेलं पाणी परत त्याच पट्ट्यात.

काय केलं

सुरुंगाची बाजू त्यातल्या त्यात सोपी निघाली. हादरा एकूण स्फोटकांवर अवलंबून नसतो, एका क्षणी किती उडतात त्यावर असतो, आणि प्रघात असा की ८ मिलिसेकंदांच्या आत उडालेली सगळी होल, म्हणजे स्फोटकं भरलेली भोकं, एकच धरायची. अंतर भागिले त्या एका क्षणीच्या स्फोटकांच्या वजनाचं वर्गमूळ, या आकड्यावर हिशोब चालतो. हा आकडा वाढला की हादरा ज्या घातानं उतरतो तो घातांक इथल्या रीडिंगवरून साधारण १.६ बसत होता, तो धरला तर एका वेळचं वजन निम्मं केलं की हादरा सुमारे ४० टक्के कमी होतो. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक डेटोनेटर घेतले, कारण जुन्या प्रकारच्यांची वेळ मागंपुढं होते आणि वेगवेगळी धरलेली होल एकत्र उडतात. आवाजासाठी मात्र उपाय अगदी साधा, होलचं तोंड बंद करायला ड्रिलिंगची भुकटी वापरत होते त्याऐवजी टोकदार बारीक खडी भरली, ती अडकून बसते आणि वायू वरून निसटत नाही. आणि सकाळी लवकर सुरुंग बंद, दुपारची एकच ठरलेली वेळ, कारण सकाळी वर गरम हवा आणि खाली थंड असं असलं की आवाज वर न जाता परत खाली वळतो.

धुळीत सगळ्यात जास्त वाटा क्रशरचा असेल असं सगळे धरून चालले होते, बघितलं तर डंपरच्या कच्च्या रस्त्याचा जास्त. रस्त्यावर पाणी, वेगमर्यादा, क्रशरच्या पट्ट्यांवर झाकण, ड्रिलिंग ओलं. एक गोष्ट इथं सांगायला हवी, बैठकीत "सिलिका धूळ" हा शब्द सारखा फिरत होता. क्वार्ट्झच्या रूपातली स्फटिक सिलिका कामाच्या ठिकाणी श्वासातून गेली तर कॅन्सर होतो असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ मध्येच पहिल्या गटात टाकून सांगितलंय, पण बेसाल्टमध्ये, म्हणजे इथल्या काळ्या कातळात, सिलिका जवळपास सगळी दुसऱ्या खनिजांत बांधलेली असते, मोकळं क्वार्ट्झ फार कमी, ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी. म्हणून इथली धूळ निरुपद्रवी असं मुळीच नाही, बारीक धूळ कुठलीही असो छातीला वाईटच, जागतिक आरोग्य संघटनेची पीएम १० ची, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीची, २४ तासांची मर्यादा २०२१ पासून ४५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. फक्त मोजायचं काय ते बरोबर ठरवावं एवढंच.

ओढ्याकडं जाणारं पावसाचं गढूळ पाणी अडवायला टाक्या केल्या. पहिल्या टाक्या फार छोट्या होत्या. १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दगडाचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसायला सुमारे ३ तास घेतो आणि २ मायक्रॉनचा जवळपास ३ दिवस, म्हणजे पाणी तासाभरात टाकीतून बाहेर पडत असेल तर बारीक गाळ जसाच्या तसा ओढ्यात. टाक्या मोठ्या करून मध्ये आडभिंती घातल्या.

चराचा धक्का

चर चालू झाला, विहिरींच्या पातळ्या वर यायला लागल्या, सगळे खूश. आणि मग रुटीन टेस्टमध्ये एका विहिरीत नायट्रेट चढताना दिसलं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० मिलिग्रॅम प्रति लिटर, विहीर अजून खाली होती पण दिशा चांगली नव्हती, आणि वस्तीत बाटलीचं दूध पिणारी तान्ही बाळं होती, ज्यांना याचा सगळ्यात जास्त धोका. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळं वाढतं.

नायट्रेट शेतातल्या खतातून येऊ शकतं, संडासाच्या खड्ड्यातून येऊ शकतं, आणि कंपनीनं पहिल्यांदा तेच बोट दाखवलं. पण खाणीच्या डबक्यात ते विहिरीपेक्षा जास्त होतं. कारण सरळ आहे, खाणीत वापरतात ते एएनएफओ स्फोटक म्हणजे साधारण ९४ टक्के अमोनियम नायट्रेट आणि ६ टक्के डिझेलसारखं इंधन, आणि अमोनियम नायट्रेट पाण्यात साखरेसारखं विरघळतं. ओल्या होलमध्ये भरलं की काही विरघळून जातं, भरताना सांडतं, जे पूर्ण जळत नाही ते फुटलेल्या दगडात राहतं, आणि सगळं धुऊन डबक्यात. आधी हे पाणी ओढ्यात जात होतं म्हणून कुणाला कळत नव्हतं, आता आपणच ते चरातून विहिरींच्या वाटेवर सोडत होतो.

चर लगेच बंद करायचा तर कोरडा हंगाम तोंडावर, पातळ्या परत पडणार. चालू ठेवायचा तर नायट्रेट. वस्तीतल्या बायकांनी बैठकीत स्पष्ट सांगितलं, पाणी कमी असलं तरी चालेल, खराब नको. चर थांबवला, पिण्यासाठी तेवढ्या काळापुरता टँकर घेतला, जो आम्हालाच आधी नको होता.

मग तोडगा सुचला तो खाणीच्या फोरमनला, आम्हाला नाही. तो म्हणाला भिंतीतून येणारं पाणी खाली पडायच्या आधीच धरलं तर? ते स्वच्छच असतं, घाण होतं ते तळाला फुटलेल्या दगडावरून वाहून. टेस्ट केली तर भिंतीतल्या पाण्यात नायट्रेट नगण्य. मग ओल्या भिंतीत आडवी होल मारून पाइप घातले, ते पाणी वेगळ्या टाकीत आणि तिथून चरात. तळाचं डबक्याचं पाणी रस्त्यावर आणि क्रशरवर धूळ दाबायला. ओल्या होलमध्ये एएनएफओ बंद करून पाण्यात सहजी न विरघळणारं इमल्शन स्फोटक, आणि सांडलेलं स्फोटक झाडून गोळा करायची सक्ती. रस्त्यावर मारलेल्या पाण्यातलं थोडं नायट्रेट जमिनीत जाणारच, पण प्रमाण बरंच कमी आणि जागा विहिरींच्या वाटेबाहेरची.

निकाल

चर परत चालू झाल्यावर विहिरीतलं नायट्रेट हळूहळू उतरलं. ओळीतल्या बहुतेक विहिरी कोरड्या हंगामातही मोटर चालेल एवढ्या वर राहायला लागल्या. ओळीतली खाणीच्या बाजूची पहिली मात्र आली नाही, तिच्या तळापेक्षा खाणीचा तळ खोल आहे आणि ओळीत तिचंच अंतर सगळ्यात कमी, तिच्या मालकाला कंपनीनं कायमची पाइपलाइन दिली. तो समाधानी नाही. "पाणी मिळतं हो, पण विहीर माझी होती," असं म्हणतो, आणि यावर काही बोलता येत नाही.

हादरे आकड्यात कमी झाले, तक्रारी त्याहून जास्त कमी झाल्या. माझ्या मते त्यातला मोठा भाग ठरलेल्या वेळेचा आणि आधी वाजणाऱ्या भोंग्याचा आहे, न सांगता आलेला छोटा धक्का सांगून आलेल्या मोठ्या धक्क्यापेक्षा जास्त त्रास देतो. काही घरांचं प्लास्टर कंपनीनं करून दिलं, "सद्भावना म्हणून" असं पत्रात लिहून. वस्तीनं त्याचा अर्थ कबुली असा घेतला, कंपनीनं उपकार असा घेतला, आणि दोन्हीकडं थोडी कटुता राहिली.

ओढा कोरड्या दिवसांत आधीपेक्षा कमी वाहतो. पंपाचं पाणी ओढ्यात जात होतं तेव्हा तो उलट भरलेला दिसायचा आणि ते बघून लोकांना खाण पाणी देते असंही वाटायचं. आता त्याचा खरा प्रवाह दिसतोय, खाणीआधी तो किती होता हे कुणालाच सांगता येत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं, परवानगी हद्दीची होती, खोलीची नव्हती. खाणीचा तळ पाण्याच्या पातळीला पोचेल तिथं थांबून नव्यानं अभ्यास करायचा, एवढी एक ओळ परवान्यात असती तर पंप लावायच्या आधीच हा विषय टेबलावर आला असता. परवाना देणाऱ्या खात्यानं आणि कंपनीनं दोघांनीही हे बघायला हवं होतं.

दुसरं, खाणीआधीच्या नोंदी. आजूबाजूच्या विहिरींच्या दोन हंगामांच्या पातळ्या, पाण्याची एक पूर्ण टेस्ट, ओढ्याचा प्रवाह आणि घरांच्या भिंतींचे तारखेसह फोटो. याचा खर्च एका मोठ्या सुरुंगाच्या तयारीपेक्षा जास्त नसेल. वस्तीनं स्वतः केलं असतं तरी चाललं असतं, दोरी, वजन आणि वही एवढ्यात पातळीचं काम होतं, अट एकच, दर वेळी कठड्यावरच्या एकाच खुणेपासून मोजायचं.

तिसरं, डाइक भिंतीत उघडा दिसत होता तेव्हाच एखाद्या भूगर्भवाल्याला खाणीत फिरवलं असतं तर "जवळची विहीर भरलेली" या वाक्यावर इतक्या बैठका गेल्या नसत्या.

चौथं, चरात सोडायच्या आधी डबक्याच्या पाण्याची नायट्रेट आणि अमोनियासाठी तपासणी करारातच असायला हवी होती. तपासणी ठेवली होती ती गाळाची आणि तेलाची, कारण खाणीच्या पाण्याचं नाव काढलं की सगळ्यांना गढूळपणाच आठवतो.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. खाण कधीतरी संपेल, पंप बंद होईल, खड्डा भरेल आणि तिथं तळं होईल. त्या तळ्याचं पाणी कुठल्या उंचीवरून बाहेर पडू द्यायचं यावर विहिरींची कायमची पातळी ठरणार आहे, आणि ती आडवी होलं, पाइप, चर तेव्हा कुणाच्या ताब्यात असतील हे करारात लिहिलेलं नाही. परवाना नूतनीकरणाच्या वेळी हे कलम घालायचं असं दोन्ही बाजूंनी तोंडी मान्य केलंय, मसुदा अजून कुणी केलेला नाही.